घर घ्यावे पारखून



माळेगावच्या जत्रेत बैल घ्यायचा झाला तर आपण काय करतो? दात बघतो, खांद्यावरून हात फिरवतो, चार पावले चालवून पाहतो, आणि मग भावाची गोष्ट काढतो. घर विकत घेताना मात्र रंग नवा आहे, रस्ता रुंद आहे, शेजार चांगला आहे, एवढे पाहून इसार देऊन मोकळे होतो. बैलाच्या कितीतरी पट पैसा घरात जातो. कित्येकांची तर जन्माची पुंजी त्यात जाते. म्हणून घराची पारख कशी करावी याचा आज थोडा विचार करू.

अमेरिकेत घर घेणारा माणूस सौदा पक्का करण्यापूर्वी फी देऊन घर-तपासनीस बोलावतो. हा माणूस ना विकणाऱ्याचा, ना दलालाचा. छपरापासून पायापर्यंत घर पाहून तो लेखी अहवाल देतो. अशा तपासनिसांची एक संघटना तेथे १९७६ साली स्थापन झाली. नांदेड-लातूरकडे हा धंदा अजून रुजलेला नाही. पण गवंडी, सुतार आणि स्थापत्य अभियंता ही मंडळी आपल्याकडेही आहेत. कमी आहे ती त्यांना वेळेवर बोलावण्याची सवय.

या तपासणीचे मोल मराठवाड्याला वेगळे सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास किल्लारी-सास्तूर भागात भूकंप झाला. सरकारी हिशेबाने जवळजवळ आठ हजार माणसे दगावली आणि ५२ गावे नव्या जागी वसवावी लागली. जमीन हलली हे खरे, पण माणसे दगावली ती मुख्यतः घराच्या भिंती आणि माळवद अंगावर आल्यामुळे. आणि ही गोष्ट १९९३ सालापुरती नाही. १० जुलै २०२४ रोजी सकाळी हिंगोली-नांदेड भागात ४.५ तीव्रतेचा धक्का जाणवलाच.

जुनी दोन-अडीच फूट जाडीची भिंत किल्ल्यासारखी वाटते. पण बहुधा ती एक भिंत नसून दोन असतात. बाहेरचे अंग दगडाचे, आतले अंग दगडाचे, आणि मधे माती व दगडगोटे भरलेले. दोन्ही अंगांना जोडणारे लांब, आरपार दगड नसले की धक्क्यासरशी ती सुटी होतात. त्यात माळवदावर पिढ्यान्‌पिढ्या पांढऱ्या मातीचे थर चढत गेलेले असतात. तेव्हा पहिली परीक्षा भिंतीची. गवंड्याचा ओळंबा लावून पाहा. भिंतीने पोट काढले आहे काय? कोपऱ्यात वरून खाली उभी भेग आहे काय? तसे असेल तर दोन भिंती एकमेकींत गुंतवलेल्या नाहीत, नुसत्या टेकवल्या आहेत असे समजावे. माळवदाच्या कडेला मातीची जाडी मोजा. माती उतरवून भार हलका करता येतो, भिंतीत आरपार सळई-काँक्रीटचे टाके घालता येतात. किल्लारीनंतर या भागात अशा प्रकारे घरे मजबूत करण्यात आली. पण तो खर्च किमतीतून वजा व्हायला हवा ना? माळवद काढून त्याच मातीच्या भिंतींवर कुणी स्लॅब टाकला असेल, तर अभियंत्याने पाहिल्यावाचून पुढे जाऊ नये.

दुसरी परीक्षा लाकडाची. खणाच्या घरात माळवदाचा भार खांब आणि तुळया पेलतात. हा सांगाडा धड असेल तर भिंत ढासळली तरी छत तोलून धरायला काहीतरी उरते. परंतु वाळवी नेमकी त्याच्याच मुळाशी लागते. ती जमिनीतून, ओलीच्या आधाराने येते, उजेड टाळते आणि लाकूड आतून खाते. वरचा पापुद्रा शाबूत राहतो. म्हणून डोळ्यांवर विश्वास ठेवू नका. खांबाच्या बुडाशी, दगडाला टेकतो तिथे, दाभण टोचून बघा. सहज आत शिरले तर खांब पोकळ झालेला आहे. तुळईवर हातोडीच्या दांड्याने ठोका. भरीव लाकडाचा आवाज आणि पोकळाचा आवाज कानाला लगेच कळतो. भिंतीवर मातीची बारीक नळी दिसली तर ती थोडी मोडून ठेवा. चार-आठ दिवसांत पुन्हा बांधली गेली तर वाळवी जिवंत आहे. लाकडाखाली पिठासारखा भुसा पडत असेल तर तो घुणाचा उद्योग. सगळे घर जुन्या रंगाचे आणि खांबांची बुडे तेवढी नव्या रंगाची असतील, तर कारण अवश्य विचारावे. वाळवीवर औषध आहे, भिंतीच्या पायाशी छिद्रे पाडून ते सोडतात. पण ते काम परवाना असलेल्या माणसानेच करावे.

तिसरी परीक्षा जमिनीची आणि ओलीची. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. पाया मुरमापर्यंत गेलेला नसेल तर घर वर्षातून दोनदा हलते आणि खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरप्या भेगा निघतात. भेगेवर कागदाची पट्टी चिकटवून तारीख घाला. पट्टी फाटली तर भेग वाढते आहे. भिंतीच्या तळाशी पांढरा लोणा, पोपडे, छताच्या कोपऱ्यात डाग, ही ओलीची खूण. स्लॅबखालचे सिमेंट सुटून गंजलेली सळई दिसत असेल तर नवे म्हणवणारे घरही आजारी आहे. गोदाकाठी घर घेताना पुराचे पाणी कुठवर आले होते, हे शेजाऱ्यांना विचारावे.

चौथी गोष्ट आपल्याकडे फारशी कुणी ऐकलेली नाही. जुन्या पेवात उतरण्यापूर्वी जाणती माणसे आधी कंदील सोडून पाहत. कंदील विझला तर आत विषारी हवा आहे असे समजत. रेडॉन नावाचा वायू मात्र कंदील विझवत नाही. त्याला रंग नाही, वास नाही. खडकातल्या युरेनियमपासून रेडियम होते, रेडियमपासून हा वायू. फरशीच्या भेगांतून तो घरात येतो आणि कोंदट खोलीत साठतो. वर्षानुवर्षे तो श्वासातून गेला तर फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. बिडी-सिगारेट ओढणाऱ्याला तर पुष्कळच अधिक. १९८४ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात अणुवीज केंद्रात जाणाऱ्या एका इंजिनिअरमुळे तेथली धोक्याची यंत्रणा वाजू लागली. शोध घेतला तो दोष केंद्रात नव्हता, त्याच्या राहत्या घरात रेडॉन साठला होता. तेव्हापासून तिकडे घर घेताना ही तपासणी होऊ लागली.

आपण घाबरावे काय? नाही. लातूरकडचा काळा पाषाण हा लाव्हाचा. त्यात युरेनियम थोडे असते. देगलूर-बिलोलीकडे ग्रॅनाइट लागतो, त्यात ते तुलनेने अधिक असू शकते. पण दारे-खिडक्या उघड्या असलेल्या घरात वारा हा वायू बाहेर नेतो. प्रश्न येतो तो तळघराचा आणि सदा बंद खोलीचा. मोजणी सोपी आहे. एका लहान डबीत विशिष्ट फिल्म ठेवून ती साधारण तीन महिने खोलीत टांगतात आणि मग प्रयोगशाळेत तपासतात. भाभा अणुसंशोधन केंद्राने अशी साधने विकसित केली आहेत. दर घनमीटर हवेत १०० बेकरेल, म्हणजे सेकंदाला १०० अणू फुटतील इतपत, ही जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली सुचवलेली मर्यादा आहे. उपाय साधे: भेगा बुजवणे आणि वारा खेळता ठेवणे.

आता कायद्याचे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या ५५ व्या कलमाप्रमाणे, विकणाऱ्याला ठाऊक असलेला आणि घेणाराला साध्या काळजीने कळू न शकणारा मोठा दोष विकणाऱ्याने सांगितलाच पाहिजे. यातली मेख ध्यानात घ्या. साध्या काळजीने जे दिसले असते, ते न पाहणाऱ्याची बाजू लंगडी पडते. नव्या फ्लॅटसाठी २०१६ च्या रेरा कायद्याचा आधार आहे. ताबा घेतल्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा दोष दाखवून दिला, तर बिल्डरने तो तीस दिवसांत फुकट दुरुस्त करावा लागतो. तक्रार लेखी द्यावी, पोच घ्यावी.

तेव्हा क्रम असा ठेवावा. आधी दिवसा घर पाहावे, जमल्यास पावसानंतर पुन्हा पाहावे. इसारपावतीत "तपासणी समाधानकारक झाल्यास" ही अट घालून घ्यावी. गवंडी, सुतार आणि अभियंता आपण स्वतः निवडावे. दलालाने आणलेले नकोत. अहवाल लेखी घ्यावा आणि त्यानुसार भाव ठरवावा. गुरुजींना एक विनंती आहे. ओळंबा, कागदाची पट्टी आणि दाभण यांचा प्रयोग वर्गातल्या मुलांना करून दाखवावा, आणि शाळेची इमारत जुनी असेल तर तिथूनच सुरुवात करावी.

पाहणीत घर वाईट निघाले आणि सौदा मोडला, तर फी वाया गेली असे वाटून घेऊ नये. त्या चार पैशांनी जन्माची पुंजी राखली, आणि कदाचित घरातली माणसेही.