खुन्या मुरलीधराच्या पेठेत सैतान

पुण्याच्या सदाशिव पेठेत देवाला 'खुन्या' म्हणतात आणि त्यात कुणाला वावगं वाटत नाही. उत्तर पेशवाईत दादा गद्र्यांनी बांधलेल्या देवळापाशी मूर्तीवरून चकमक झाली, रक्त सांडलं, म्हणून मुरलीधर खुन्या झाला, असं सांगतात. एखाद्या मेटल बँडला हे नाव सापडलं असतं, तर त्यांनी ते काळ्या टी-शर्टवर छापलं असतं. आपण ते रिक्षावाल्याला सांगतो.

मेटलमधला सैतान जन्मला बर्मिंगहॅमच्या चौघांकडून. त्यांनी बँडचं 'ब्लॅक सॅबथ' हे नाव एका भयपटावरून उचललं आणि पहिला अल्बम आला १३ फेब्रुवारी १९७० ला, शुक्रवारी. त्याच नावाच्या गाण्यात टोनी आयोमीची गिटार तीनच स्वर वाजवते: खालचा सा, वरचा सा आणि मधला तीव्र मध्यम. सा आणि तीव्र मध्यम यांच्यातल्या अंतराला युरोपात 'संगीतातला सैतान' असं नाव पडलं होतं. आपल्याकडे हाच मध्यम यमनात असतो. गाण्याच्या क्लासात नवशिकी मुलं तो संध्याकाळी घोटत बसतात. यमनात त्याला गंधार-पंचमाची सोबत मिळते, आयोमीनं तो उघडा ठेवला. मला वाटतं, भीती त्या एकटेपणाची आहे.

पण सैतानाला चर्च लागतं. नॉर्वेत ६ जून १९९२ ला फँटॉफ्टचं जुनं लाकडी चर्च जळालं. तिथल्या ब्लॅक मेटलवाल्यांचा राग चर्चवरच होता. आपण, जो भिववतो त्यालाच शेंदूर लावतो. वेताळ काय, म्हसोबा काय, नारळ दिला की तो गावाचा राखणदार. त्याच्या नावानं बंड करायचं तरी कुणाविरुद्ध?

मग इथले बँड पुराणांकडे वळले, यात नवल नाही. इथलेच नव्हे, सिंगापूरच्या 'रुद्र'नं तर 'ब्रह्मविद्या' या तीन अल्बमांच्या मालिकेत थेट वेदान्त गायला. मुंबईत साहिल मखिजानं २००० मध्ये सुरू केलेल्या बँडचं नावच 'डेमॉनिक रिझरेक्शन', म्हणजे राक्षसी पुनरुत्थान. पण त्यांच्या २०१७ च्या अल्बमचं नाव 'दशावतार'. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा गाणी, शब्द इंग्रजी. नववा अवतार बुद्ध. आपल्याकडच्या चित्रांत त्या जागी कधी विठोबा असतो. बँड सदाशिव पेठेतला असता तर तिथल्या देवळातल्या उपाशी विठोबाची सोय झाली असती.

या अल्बममधला नरसिंह ऐकावा. मेटलची गुरगुर ऐकून लोक कान झाकतात, 'हे काय गाणं?' म्हणतात. पण खांब फुटल्यावर जो बाहेर आला, तो कुठल्या पट्टीत बोलला असेल? कीर्तनकारबुवाही तिथे आवाज फाडतातच. तिन्हीसांजेची वेळ, उंबरठा, मांडीवर हिरण्यकशिपू, नखांनी फाडलेलं पोट, गळ्यात आतड्यांची माळ. समोर पहिल्या रांगेत बसलेली पोरं हे सगळं डोळे विस्फारून ऐकतात आणि आरती झाली की प्रसादाला हात पुढे करतात.