दावा मोठा, पण गवाह कुठे?

मोताळ्यासारख्या तालुक्याच्या गावीही आता मोबाइलवर ‘फुकट वीज’, ‘पाण्यातून ऊर्जा’ असे व्हिडिओ घरोघर फिरतात. त्यातला एक दावा असा, की हायड्रोजनवर लेसरचा झोत टाकला की अणुकेंद्रातली ऊर्जा मोकळी होते. कोट्यवधी अंशांची भट्टी नको. मुले विचारतात, हे खरे आहे का?

दावा करणाऱ्याने गवाह आणावेत, हा न्याय आपण सारेच जाणतो. विज्ञानातही तोच चालतो. अणुकेंद्रात काही घडले, तर कण बाहेर पडतात. ते कण हेच गवाह. प्रत्येक अस्थिर कणाचे आयुष्य ठरलेले असते आणि तीच त्याची ओळख. म्युऑन सरासरी २.२ मायक्रोसेकंद टिकतो. विद्युतभारित पायऑन त्याच्या ऐंशीव्या भागाइतकाही टिकत नाही. ट्रिटियम मात्र १२.३ वर्षांनी निम्मे होते.

स्वीडनमधील गोटेनबर्ग विद्यापीठाचे लेइफ होल्मलिड यांनी अतिघन हायड्रोजनवर लेसर टाकून म्युऑन मिळाल्याचे लिहिले आहे. पण भौतिकशास्त्रज्ञांनी हा दावा मान्य केलेला नाही. एक अडचण तर आपल्या डोक्यावरच आहे. आकाशातून येणारे म्युऑन रात्रंदिवस तळहातातून आरपार जातात, दर सेकंदाला साधारण एक. रोहिणखेडच्या जुन्या मशिदीचे दगडी छतही त्यांना अडवत नाही. म्हणून यंत्राने म्युऑन दाखवला एवढ्याने भागत नाही. लेसर बंद असताना किती दिसतात, हेही मोजावे लागते.

आपल्या महाराष्ट्रातही अशी परीक्षा झाली आहे. मार्च १९८९ मध्ये अमेरिकेतील युटा विद्यापीठात फ्लाइशमन आणि पॉन्स यांनी साध्या काचपात्रात ‘शीत संमीलन’ झाल्याचे जाहीर केले. मुंबईत तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राचे संचालक डॉ. पी. के. अय्यंगार यांनी लगेच अनेक गट कामाला लावले. न्यूट्रॉन आणि ट्रिटियम आढळल्याचा अहवाल त्याच वर्षी निघाला. पण हिशेब जुळेना. जड हायड्रोजनच्या नेहमीच्या संमीलनात हे दोन्ही जवळपास सारखेच निघतात. इथे ट्रिटियम न्यूट्रॉनपेक्षा कोट्यवधी पटींनी जास्त होते. दोन गवाहांची साक्ष एकमेकांशी जुळली नाही. पुढे काही वर्षांत ते काम थांबले.

लेसरने संमीलन होतच नाही, असे मात्र नाही. डिसेंबर २०२२ मध्ये कॅलिफोर्नियात १९२ लेसर झोतांनी २.०५ मेगाज्यूल ऊर्जा दिली आणि संमीलनातून ३.१५ मेगाज्यूल मिळाली. लेसर चालवायला मात्र त्याहून कितीतरी जास्त वीज लागली. तिथे भट्टीसारखी प्रचंड उष्णता होती आणि न्यूट्रॉनही मोजून मिळाले. वीजघर अजून दूरच आहे.

म्हणून आम्ही अम्मी-अब्बूंना एवढेच सुचवतो, की मुलाचा प्रश्न उडवून लावू नका. त्याला तीन गोष्टी विचारायला शिकवा. कोणते कण मिळाले? त्यांचे आयुष्य मोजले का? दुसऱ्या प्रयोगशाळेत तेच दिसले का? आणि अशा यंत्रासाठी कोणी पैसे मागितले, तर या तिन्हींची उत्तरे मिळेपर्यंत घामाची कमाई खिशातच राहू द्या. प्रश्न विचारणे हाही इल्मचाच भाग आहे.