'मोअर बेटर' आणि तरतमभाव

बी.ए. झाल्यावर पुण्यात एका कचेरीत मुलाखतीला गेलो होतो. 'हे शहर कसे वाटते?' असे साहेबांनी इंग्रजीत विचारले. मी म्हणालो, 'मोअर बेटर दॅन माय व्हिलेज.' समोरचे तिघेही हसले. नोकरी मिळाली नाही, त्यापेक्षा ते हसणे अधिक लागले.

चूक कुठे झाली? मराठीत तुलना करताना विशेषण बदलत नाही. गोड, त्यापेक्षा गोड, सर्वांत गोड. इंग्रजीत शब्दच रूप पालटतो : स्वीट, स्वीटर, स्वीटेस्ट. 'ब्यूटिफुल'सारख्या लांब शब्दांमागे मात्र 'मोअर', 'मोस्ट' लागतात. 'बेटर' हे 'गुड'चेच तुलनेचे रूप. त्याला पुन्हा 'मोअर' कशाला? 'सीनियर', 'ज्युनियर' हे लॅटिनमधून आलेले पाहुणे. त्यांच्यापुढे 'दॅन' नव्हे, 'टू' येतो. 'पुण्याची हवा मुंबईपेक्षा बरी' हे मराठीत खपते. इंग्रजीत हवेची तुलना हवेशीच हवी, म्हणून 'दॅन दॅट ऑफ मुंबई'.

गंमत म्हणजे आमच्या घरच्या उर्दूत 'बेहतर' आहे. त्यातला फारसी 'तर' आणि संस्कृत 'उच्चतर'मधला 'तर' हे एकाच कुळातले. आपला 'तरतमभाव'ही त्यातूनच आला. तरीही आम्ही 'ज्यादा बेहतर' म्हणतोच! शेक्सपिअरनेही 'ज्युलियस सीझर'मध्ये असे दुहेरी रूप वापरले आहे. त्या काळी ते चालत असे.

तेव्हा श्रोतेहो, मुलांना नियम जरूर शिकवा. चुकली, तर दुरुस्त करा. हसू मात्र नका.