मूर्तिजापूरचा फलाट आणि टॅब्लेटची वायर

वसंत व्याख्यानमालेच्या पत्रिकेत संतवाङ्मय, शेती आणि अर्थकारण अशा भारदस्त विषयांच्या पंगतीत ‘लिनक्सचा संगणक आणि अँड्रॉइडचा टॅब्लेट यांमधील फाइलींची ने-आण’ हे शीर्षक वाचून काही मंडळी मनात हसली असतील. हा विषय व्याख्यानाचा, की घरातल्या नातवाला हाक मारून विचारण्याचा, ही त्यांची शंका रास्तच आहे. आम्हीही तसेच समजत होतो. मग आमच्या घरी एक गोष्ट घडली आणि आमचा समज बदलला. ती गोष्ट आधी सांगतो; शास्त्र मागाहून.

आमच्या मातुःश्रींना जात्यावरच्या पुष्कळ ओव्या येत. घरातले जाते केव्हाच गेले होते, पण ओव्या त्यांच्या ओठांवर होत्या. त्यांच्या अखेरच्या उन्हाळ्यात आम्ही टॅब्लेट समोर ठेवून त्या ओव्यांची अकरा ध्वनिमुद्रणे केली. पुढे टॅब्लेटमधली जागा भरत आली, म्हणून ती संगणकावर हलवावी असे ठरले. वायर जोडली, अकराही फाइली निवडल्या, त्या ‘कट’ केल्या आणि संगणकावर ‘पेस्ट’ केल्या. पडद्यावरची पट्टी शेवटपर्यंत भरली, टॅब्लेटमधली जागा मोकळी झाली आणि आम्ही समाधानाने उठलो. वैशाखातली दुपार होती. पाण्याचा पेला हाती घेतो न घेतो तोच वीज गेली. संध्याकाळी संगणक सुरू केला तेव्हा अकराही नावे जागच्या जागी होती. नऊ ध्वनिमुद्रणे ऐकू आली. शेवटच्या दोन फाइलींचे आकारमान मात्र शून्य होते. नाव होते, आवाज नव्हता. आणि टॅब्लेटवरून तर त्या आधीच पुसल्या गेल्या होत्या.

असे का झाले, हे उमगायला आम्हाला पुष्कळ वेळ लागला. जे उमगले ते आज आपल्यापुढे ठेवतो.

आपल्या यवतमाळकरांना ही गोष्ट समजावून देण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. मूर्तिजापूरपर्यंत गेले की पुरे. यवतमाळ-मूर्तिजापूर ही छोटी रेल्वे सुरू झाली, ती मुख्यतः वऱ्हाडचा कापूस बाहेर नेण्यासाठी. तिलाच आपण पुढे लाडाने शकुंतला म्हणू लागलो. आज ती धावत नाही, पण तिच्या आठवणी येथे बसलेल्या अनेकांपाशी असतील. तिच्या रुळांमधले अंतर अडीच फूट. आणि मूर्तिजापूरला जी मुंबई-नागपूरची मोठी लाइन भेटते तिचे साडेपाच फूट. यवतमाळचा डबा मोठ्या लाइनीवर चढूच शकत नव्हता. म्हणून कापसाच्या गाठी एका डब्यातून उतरवायच्या आणि दुसऱ्यात भरायच्या. डबा तेथेच राही, माल पुढे जाई. आता या चढउतारीत शहाणा व्यापारी काय करील? पलीकडच्या डब्यात गाठी मोजून घेतल्याशिवाय अलीकडची पावती फाडणार नाही. आम्ही मोजण्याआधीच पावती फाडली होती.

येथे एखादा चौकस श्रोता विचारील की, लिनक्स आणि अँड्रॉइड यांचे रूळ वेगळे कसे? ते तर एकाच घरचे! त्यांचे म्हणणे खरे आहे. १९९१ साली हेलसिंकी येथील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहून जगापुढे खुला केला. २००८ साली अँड्रॉइडचा पहिला फोन बाजारात आला, त्याच्याही पोटात हाच गाभा होता. आपल्याकडे ५ ऑक्टोबर २०११ रोजी दिल्लीत ‘आकाश’ नावाचा स्वस्त टॅब्लेट विद्यार्थ्यांसाठी जाहीर झाला. पुढे त्याच्या दुसऱ्या आवृत्तीचे काम मुंबईच्या आयआयटीने अंगावर घेतले. तेव्हा तेथील मंडळींनी त्याच आकाशवर अँड्रॉइडच्या जोडीला लिनक्सही चालवून दाखवले. म्हणजे रक्त एकच. परंतु एका घरातले दोन भाऊ वेगळे निघाले की प्रत्येकाच्या कोठीची किल्ली वेगळी होते, तसे हे आहे. संगणकाने टॅब्लेटच्या कोठीत सरळ शिरावे, हे अँड्रॉइडला मान्य नाही. आणि त्याला तसे कारणही आहे.

सुरुवातीचे अँड्रॉइड फोन वायरने जोडले की संगणकाला ते पेनड्राइव्हसारखे दिसत. सोय मोठी होती, पण तिच्यात एक खोट होती. कोणतीही साठवण ही एका हिशेबाच्या वहीसारखी असते. कोणती फाइल कोणत्या पानावर आहे, कोणते पान कोरे आहे, हे त्या वहीत लिहिलेले असते. एका वहीत दोन दिवाणजी एकाच वेळी लिहू लागले तर काय होईल? म्हणून संगणकाने वही हाती घेतली की फोनला ती सोडून द्यावी लागे. जोवर वायर जोडलेली आहे तोवर फोनला स्वतःचेच फोटो दिसत नसत. टॅब्लेटमध्ये तर कार्यक्रम आणि कागदपत्रे एकाच साठवणीत नांदू लागली; ती सारीच काढून संगणकाच्या हाती देणे अशक्य झाले.

म्हणून २०११ च्या अँड्रॉइडपासून, म्हणजे टॅब्लेटसाठी काढलेल्या तिसऱ्या आवृत्तीपासून, दुसरी पद्धत आली. तिचे नाव एमटीपी. ही पद्धत मूळची मायक्रोसॉफ्टने गाणी वाजवणाऱ्या लहान यंत्रांसाठी तयार केलेली. तिचा पाया छायाचित्रे उतरवून घेण्याच्या कॅमेऱ्यांच्या पद्धतीत आहे. २००८ साली यूएसबीच्या प्रमाण पद्धतींत तिला जागा मिळाली. या पद्धतीत संगणक कोठीत शिरत नाही. तो खिडकीशी उभा राहतो आणि म्हणतो, ‘तुमच्याकडे काय काय आहे त्याची यादी द्या.’ टॅब्लेट यादी देतो. मग संगणक म्हणतो, ‘यातली अमुक क्रमांकाची वस्तू द्या.’ टॅब्लेट स्वतः आत जातो आणि ती आणून देतो. वही टॅब्लेटच्याच हाती राहते. मूर्तिजापूरचा फलाट तो हाच.

एवढे ध्यानात आले की नित्याच्या बहुतेक तक्रारींचा उलगडा होतो. टॅब्लेट जोडला पण संगणकावर काही दिसत नाही, ही पहिली तक्रार. तर खिडकी उघडण्याचे काम टॅब्लेटवर करावे लागते. त्याचे कुलूप उघडावे, वरून सूचनांचा पडदा खाली ओढावा, तेथे यूएसबीची ओळ दिसते. तिच्यात ‘चार्जिंग’च्या जागी ‘फाइल ट्रान्सफर’ निवडावे. तरीही दिसत नसेल तर दोष वायरीचा समजावा. साध्या यूएसबी वायरीत चार तारा असतात, दोन विजेच्या आणि दोन माहितीच्या. काही स्वस्त वायरींत माहितीच्या तारा घातलेल्याच नसतात. अशी वायर टॅब्लेटचे पोट भरील, पण त्याला बोलू देणार नाही.

दुसरी तक्रार अशी की, आताच केलेले मुद्रण टॅब्लेटवर दिसते, पण संगणकाच्या यादीत येत नाही. खिडकीवरची यादी ताजी झालेली नसते, इतकेच. टॅब्लेट बंद करून पुन्हा सुरू केला की बहुधा ती दिसते. तिसरी तक्रार, टॅब्लेटवरचा कागद संगणकावरून उघडून दुरुस्त केला आणि दुरुस्ती राहिली नाही. खिडकीतून हात घालून आतल्या कागदावर लिहिता येत नाही; कागद बाहेर घ्यावा, दुरुस्त करावा आणि परत द्यावा. संगणकाकडून टॅब्लेटकडे गेलेल्या फाइलीवर पुष्कळदा त्या दिवसाचीच तारीख पडते, म्हणून तारीख महत्त्वाची असेल तर ती फाइलीच्या नावातच लिहिलेली बरी. आणि चौथी गोष्ट तक्रारीची नसून सावधगिरीची आहे. या वायरीच्या मार्गाने टॅब्लेटवरचे जे पुसले जाते ते कचरापेटीत जाऊन पडत नाही, कायमचे जाते.

लिनक्सवाल्यांना आरंभी या पद्धतीचा बराच जाच झाला. लिनक्ससाठी एमटीपी बोलणारा लिबएमटीपी हा दुभाषा होता, पण नेहमीच्या फाइलींच्या खिडकीशी त्याची नीट गाठ २०१३ च्या सुमारास पडली. आजच्या लिनक्सवर वेगळे काही बसवण्याची गरज सहसा पडत नाही.

आता त्या दोन ओव्यांकडे येऊ. पट्टी भरली होती, मग फाइल शून्य कशी? लिनक्सचा दिवाणजी हुशार आहे. आलेला माल तो आधी पाटीवर टिपतो आणि सवडीने वहीत उतरवतो. त्यामुळे काम झपाट्याने होते. ही पाटी म्हणजे संगणकाची तात्पुरती स्मृती. वीज गेली की ती कोरी होते. सर्वसाधारण रचनेत पाटीवरचा मजकूर वहीत उतरायला सुमारे ३० सेकंदांपर्यंत अवधी लागू शकतो. पट्टी भरली याचा अर्थ माल पाटीवर आला, वहीत उतरला असा नव्हे. आमची पहिली नऊ मुद्रणे वहीत गेली होती. शेवटच्या दोहोंची नावे लिहिली गेली आणि मजकूर लिहायच्या आत दिवा गेला. त्यावर उपाय सोपा आहे. लिनक्सच्या आज्ञापटलावर ‘सिंक’ ही एका शब्दाची आज्ञा दिली की पाटीवरचे सारे वहीत उतरते, आणि ते उतरेपर्यंत आज्ञापटल आपल्याला थांबवून ठेवते. मेमरी कार्ड किंवा पेनड्राइव्ह काढण्यापूर्वी ‘इजेक्ट’ म्हणावे ते याच कारणासाठी.

वायरीवाचूनही ने-आण होते. २०१३ साली सुरू झालेला केडीई कनेक्ट हा कार्यक्रम संगणकावर आणि टॅब्लेटवर बसवला आणि दोन्ही यंत्रे घरच्या एकाच वायफायवर असली, की एकमेकांना ओळखतात. एकदा दोन्हीकडे होकार दिला की फाइली इकडून तिकडे जातात. सिंकथिंग नावाचा दुसरा कार्यक्रम ठरलेला कप्पा दोन्हीकडे सारखा राखतो. मात्र एका बाजूला पुसले की दुसऱ्या बाजूलाही पुसले जाते, म्हणून त्याला जपणुकीची प्रत समजू नये. येथे एक गैरसमज दूर करू. घरातल्या घरात वायफायवरून फाइल नेली तर इंटरनेटचा पैसा लागत नाही आणि फाइल घराबाहेरही पडत नाही. उलट याच कामासाठी जे व्हॉट्सॲप वापरतात त्यांची फाइल दूरच्या यंत्रांवरून फेरा घेऊन शेजारच्या टेबलावर येते; दारव्ह्याहून यवतमाळला मुंबईमार्गे यावे तसे. शिवाय फोटो म्हणून पाठवलेला फोटो वाटेत आकसतो. पाठवायचाच तर तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा.

मराठी माणसाला एक अडचण अधिकची आहे. लिनक्सवर फाइलीच्या नावाला २५५ बाइटांची मर्यादा असते. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. आणि काना, मात्रा, वेलांटी हीदेखील स्वतंत्र चिन्हेच. म्हणजे आपल्या वाट्याला ८५ चिन्हे येतात. लांबलचक मराठी नावाची फाइल जात नसेल तर नाव आखडते घ्यावे. टॅब्लेटमधल्या मेमरी कार्डाची मांडणी जुन्या फॅट पद्धतीची असेल तर नावात प्रश्नचिन्ह किंवा अपूर्णविराम चालत नाही, आणि फॅट-३२ वर चार जीबीहून मोठी फाइल बसत नाही. आणि फाइल पोचली, पण अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हे दिसली, तर घाबरू नये. बहुधा ती युनिकोडपूर्व काळच्या एखाद्या फाँटात टंकलेली असते. माल शाबूत आहे. तो वाचणारा चष्मा टॅब्लेटपाशी नाही, इतकेच.

हे सारे घरबसल्या शिकायचे असेल तर आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात लिनक्सचे पाठ मराठीतून ऐकायला मिळतात. पण आमच्यापुरते आम्ही एकच सूत्र भिंतीवर लिहून ठेवले आहे: कट कधी करू नये, प्रत करावी, सिंक म्हणावे, मोजावे, उघडून पाहावे, आणि मूळ पुसायचे ते दुसऱ्या दिवशी. मोजावे म्हणजे दोन्हीकडची संख्या आणि आकारमान ताडून पाहावे. उघडून पाहावे म्हणजे निदान शेवटची फाइल ऐकावी, कारण घात होतो तो शेवटच्या गाठीचा. आणि जे पुन्हा मिळणार नाही त्याच्या तीन प्रती ठेवाव्यात, त्यांतली एक दुसऱ्या घरी.

आपल्या जिल्ह्यात कोलामी बोलणारी माणसे आहेत, जुने कीर्तनकार आहेत, दंडार करणारे आहेत. त्यांचे आवाज आज तरुण मुले टॅब्लेटवर टिपून घेतात, ही फार चांगली गोष्ट आहे. टिपून घेणे हे निम्मे काम आहे. उरलेले निम्मे फलाटावरचे. आमच्या त्या दोन फाइली आम्ही अजून पुसलेल्या नाहीत. संगणकावर त्यांची नावे तशीच आहेत. नवी प्रत करायला बसलो की आधी ती नावे वाचतो आणि मग वायर जोडतो.