नॉर्मल डिलिव्हरीतले टाके : गैरसमज आणि वस्तुस्थिती

‘नॉर्मल झाली, पण टाके पडले.’ बाळंतिणीला भेटून आलेल्या बायका एवढंच सांगतात आणि विषय बाळाच्या वजनाकडे वळतो. ते टाके कशामुळे पडले, ते भरायला किती दिवस लागतील, कोणता त्रास सहन करायचा आणि कोणता नाही, हे पुष्कळदा त्या बाळंतिणीलाही कुणी सांगितलेलं नसतं. बाळ बाहेर येताना योनी आणि गुदद्वार यांच्यामधल्या भागावर कात्रीने छेद देतात, त्याला एपिसिओटॉमी म्हणतात. ही शस्त्रक्रियाच आहे. तिच्याविषयी सांगोवांगीच्या गोष्टी मात्र फार आहेत.

गैरसमज : पहिलटकरणीला छेद द्यावाच लागतो.

वस्तुस्थिती : तसा नियम नाही. डब्लिनच्या फील्डिंग औल्ड यांनी 1742 मध्ये या छेदाचं वर्णन केलं, ते अडलेल्या बाळंतपणासाठी. 1920 मध्ये शिकागोच्या जोसेफ डीली यांनी पहिलटकरणींना आधीच छेद देण्याचा पुरस्कार केला आणि पुढे अनेक देशांच्या प्रसूतिगृहांत ती रीतच पडली. तिचा फायदा खरोखर होतो का, हे तपासायला बरीच दशकं गेली. अर्जेंटिनात अडीच हजारांहून अधिक स्त्रियांवर झालेल्या आणि 1993 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने सरसकट छेद देण्याची पद्धत सोडून द्यावी, असा निष्कर्ष काढला. जागतिक आरोग्य संघटनेची 2018 ची शिफारसही तीच आहे : नैसर्गिक प्रसूतीत सरसकट छेद देऊ नये.

गैरसमज : वेडंवाकडं फाटण्यापेक्षा सरळ छेद बरा, तो लवकर भरतो.

वस्तुस्थिती : आपोआप जाणारी चीर अनेकदा फक्त त्वचेपुरती असते आणि कधीकधी तिला टाकेही लागत नाहीत. छेद मात्र त्वचेखालच्या स्नायूपर्यंत जातो. विनासाधन प्रसूतींवरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. जिथे गरजेपुरताच छेद देतात, तिथे गंभीर जखमांचं प्रमाण सुमारे 30 टक्क्यांनी कमी असल्याचं त्यात दिसलं.

गैरसमज : छेद दिला, म्हणजे डॉक्टरांनी घाई केली.

वस्तुस्थिती : हे दुसरं टोक झालं. बाळाचे ठोके मंदावले आणि ते लगेच बाहेर यायला हवं असेल, चिमटा किंवा व्हॅक्यूम लावावा लागला, खांदा अडकला आणि डॉक्टरांना हात घालायला जागा हवी असेल, तर योग्य वेळी दिलेला छेद मोलाचा ठरतो. तो भूल देऊन, गुदद्वाराच्या स्नायूपासून दूर जाईल असा तिरका, सुमारे 60 अंशांच्या कोनात देतात. छेद का देतोय हे बाईला सांगणं आणि तिची संमती घेणं, हाही उपचाराचाच भाग आहे. सरकारी रुग्णालयांसाठी 2017 मध्ये सुरू झालेल्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमातही प्रसूतीच्या वेळी स्त्रीला सन्मानाने वागवण्यावर भर आहे.

गैरसमज : छेद टाळण्यासाठी आपल्या हाती काहीच नसतं.

वस्तुस्थिती : थोडं असतं. साधारण पस्तिसाव्या आठवड्यापासून त्या भागाला हलक्या हाताने मालिश केली, तर पहिलटकरणींत छेदाचं प्रमाण काहीसं घटतं. ती कशी करायची, आपल्याला चालेल का, हे डॉक्टरांकडून समजून घ्यावं. डोकं दिसू लागल्यावर कोमट पाण्याच्या कापडाने शेकलं, तर गंभीर चिरा कमी होतात. त्या क्षणी जोर न लावता डोकं हळूहळू बाहेर येऊ देणंही महत्त्वाचं असतं.

गैरसमज : शेगडीचा शेक आणि धुरी घेतली की टाके लवकर वाळतात.

वस्तुस्थिती : पहिले एक-दोन दिवस सूज असते. तिला थंडावा हवा : कापडात गुंडाळलेला बर्फ, एका वेळी दहा-पंधरा मिनिटं. निखाऱ्यांच्या शेकाने नाजूक त्वचा भाजू शकते आणि धुरीचा धूर बाळाच्या छातीलाही वाईट. जखमेवर हळद, तेल किंवा जंतुनाशक ओतू नये. दिवसातून एक-दोनदा आणि शौचानंतर साध्या स्वच्छ पाण्याने धुवावं, टिपून कोरडं करावं, पॅड वेळेवर बदलावं. लघवी करताना आग होत असेल तर वरून कोमट पाणी सोडत राहावं. दुखलं तर गोळी घ्यावी. अंगावर पाजणाऱ्या आईला पॅरासिटामॉल चालतं.

गैरसमज : बाळंतिणीने पाणी कमी प्यावं, शौचाला जोर केला तर टाके उसवतात.

वस्तुस्थिती : सहसा शौचाने टाके उसवत नाहीत, पण भीतीने शौच रोखून धरलं की खडा होतो आणि दुखणं वाढतं. त्यात पाणी तोडलं आणि ताटात फक्त डिंकाचे लाडू नि तूपभात असला, तर बद्धकोष्ठ ठरलेलंच. भरपूर पाणी, पालेभाज्या, फळं, आणि डॉक्टरांना विचारून इसबगोल द्यावं. शौचाला बसताना टाक्यांवर स्वच्छ पॅड हलकेच दाबून धरलं तर धीर येतो.

गैरसमज : सव्वा महिना झाला की सगळं पहिल्यासारखं होतं.

वस्तुस्थिती : हे टाके सहसा विरघळणारे असतात, ते काढावे लागत नाहीत. जखम साधारण दोन ते चार आठवड्यांत भरते, पण आतले स्नायू पूर्ववत व्हायला अधिक वेळ लागतो. खालचे स्नायू आवळून सोडण्याचा व्यायाम दुखणं ओसरल्यावर सुरू करावा. शरीरसंबंधासाठी तारीख पाहू नये. जखम भरलेली हवी, अंगावरून जाणं थांबलेलं हवं आणि तिची इच्छा हवी. अंगावर पाजत असताना इस्ट्रोजेन कमी असल्याने कोरडेपणा येतो, त्यावर पाण्यात विरघळणारं वंगण वापरता येतं. तरीही दुखत राहिलं तर डॉक्टरांना दाखवावं. नवऱ्याच्या सुखासाठी म्हणून एक टाका जास्त घालण्याला वैद्यकीय आधार नाही, बाईला वेदना मात्र होतात.

गैरसमज : बाळंतपण म्हटलं की एवढा त्रास व्हायचाच.

वस्तुस्थिती : या वाक्याने सर्वांत जास्त नुकसान केलं आहे. दुखणं रोज थोडं कमी व्हायला हवं. ते वाढत गेलं, ताप आला, पू किंवा दुर्गंधी आली, टाके उघडले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. एका तासात पॅड भिजेल इतका रक्तस्राव झाला किंवा लघवी अडली, तर क्षणभरही थांबू नये. गॅस किंवा शौच आवरता न येणं ही गुदद्वाराच्या स्नायूला इजा झाल्याची खूण असू शकते. लाजेपोटी बायका हे वर्षानुवर्षं लपवतात, पण यावर उपचार आहेत.

नववा महिना लागला की डॉक्टरांना दोन प्रश्न विचारा : तुमच्याकडे छेद केव्हा देतात? आणि देण्याआधी मला सांगाल ना? घरातल्यांनी बाळाबरोबर आईलाही रोज विचारावं, टाके दुखताहेत का. आणि ती हो म्हणाली, तर ‘होतंच असं’ न म्हणता तिला तपासायला घेऊन जावं.