नात्यांचें त्रैराशिक

आमच्या एका स्नेह्यांकडे परवां आम्ही गेलों असतां त्यांचा दहा वर्षांचा मुलगा शिष्यवृत्ति-परीक्षेचा अभ्यास करीत बसला होता. प्रश्न होता : 'सुताराला जसा रंधा, तसें कुंभाराला काय?' उत्तरादाखल चार शब्द दिलेले होते : माती, मडकें, चाक, आवा. मुलानें 'मडकें' म्हटलें, आणि वडिलांनीं कपाळाला हात लावला. "अरे, कालच पाठ करून घेतलें होतें ना!"

"मडकें कां रे बाळ?" आम्हीं विचारलें.

"कुंभार मडकींच तर करतो!"

त्याचें म्हणणें खोटें नव्हतें. कुंभाराचें मडक्याशीं नातें खरेंच आहे. परंतु सुताराचें रंध्याशीं जें आहे, तें हें नव्हे. सुतार रंधा घडवीत नाहीं. रंध्यानें काम करतो. एवढें वाक्य मनांत जुळवलें असतें, तर चाक आपोआप हातीं आलें असतें.

अशा प्रश्नांस 'समसंबंध' म्हणतात. भास्कराचार्यांनीं ११५० सालच्या 'लीलावती'त त्रैराशिक सांगितलें आहे, त्याचाच हा शब्दांतील भाऊ समजावा. तीन पदें दिलेलीं, चौथें शोधावयाचें. आणि दोन्ही जोड्यांतील प्रमाण मात्र एकच राखावयाचें. न्यायशास्त्रांतील उपमान याहून वेगळें. गवय गाईसारखा दिसतो, हें वस्तूचें वस्तूशीं साम्य झालें. समसंबंधांत साम्य असतें तें नात्याचें नात्याशीं. वार्धक्य संध्याकाळीसारखें दिसत नाहीं. पण दिवसाला जशी संध्याकाळ, तसें आयुष्याला वार्धक्य, हें उदाहरण ॲरिस्टॉटलनें रूपकाची उपपत्ति सांगतांना दिलें आहे. म्हणजे परीक्षेंतला हा क्षुल्लक वाटणारा प्रश्न काव्याच्याही मुळाशीं आहे.

नातीं अनेक परींचीं असतात. पाकळी आणि फूल हें अवयव-अवयवीचें. झुळूक आणि वादळ हें मात्रेचें, म्हणून त्याला रिमझिम आणि मुसळधार ही जोडी शोभते. क्रमही सांभाळावा लागतो. 'गाय–वासरूं' याला 'घोडी–शिंगरूं' जुळेल. 'शिंगरूं–घोडी' जुळणार नाहीं.

परंतु येथेंच एक गोष्ट आम्हां सुशिक्षितांनीं ध्यानांत घ्यावयास हवी. ज्याला शिंगरूं हा शब्दच ठाऊक नाहीं, त्यानें नातें ओळखूनही काय करावें? आमच्या घरांतील मुलाला पळी आणि पंचपात्री सहज जुळवितां येतील. पेरणी म्हणतांच पाभर मात्र आठवणार नाहीं. शेतकऱ्याच्या मुलाचें बहुधा नेमकें उलट होईल. मग चुकली ती बुद्धि, कीं परिचय उणा पडला? अमेरिकेंत महाविद्यालय-प्रवेशासाठीं घेतल्या जाणाऱ्या एस. ए. टी. परीक्षेंतील अशा प्रश्नांवर हाच आक्षेप होता. वल्हेकरी आणि नौकांची शर्यत यांची जोडी ओळखावयास लावणारा एक प्रश्न टीकाकार वारंवार पुढें करीत. अशा शर्यती पाहण्याचा योग सुखवस्तु घरांतील मुलांनाच विशेष येई. २००५ सालीं त्या परीक्षेंतून समसंबंधाचे प्रश्न वगळण्यांत आले.

आमच्याकडे ते आहेत, आणि ते असावेत असेंच आम्हांस वाटतें. मात्र उत्तरें पाठ करविल्यानें त्यांचा हेतूच नाहींसा होतो. मूल चुकलें तर त्याला मंद म्हणण्यापूर्वीं 'असें कां वाटलें?' एवढें विचारावें. नातें चुकलें असेल तर वाक्य करावयास सांगावें. शब्दच अडला असेल तर ती वस्तु दाखवावी. स्वयंपाकघर, अंगण, बाजार हीं याचीं उत्तम पाठ्यपुस्तकें होत.

त्या दिवशीं निघतांना त्या मुलानेंच आम्हांस अडविलें. आईच्या पोळपाटाकडे पाहत तो म्हणाला, "आतां मी घालतों. पोळीला जसें लाटणें, तसें मडक्याला काय?"

उत्तर त्याच्या वडिलांनीं दिलें. आणि या खेपेस ते हंसत होते.