भ्रमणध्वनीवरील पेटंटचे दावे : तारक की मारक?

दिलसुखनगरच्या मुख्य रस्त्यावर भ्रमणध्वनीचे एक दुकान संपते न संपते तोच दुसरे सुरू होते. आपल्या तपासणी-कक्षातही हे यंत्र केव्हाच येऊन बसले आहे. रक्ताचे अहवाल, क्ष-किरण चित्र, गावाकडच्या डॉक्टरांची चिठ्ठी हे सारे आता रुग्ण पुष्कळदा पडद्यावरच दाखवतो. या यंत्रात कोणत्या सोयी असाव्यात आणि ते कितीला मिळावे, हे केवळ अभियंते आणि व्यापारी ठरवीत नाहीत, न्यायालयेही ठरवतात. पेटंटवरून चालणारे हे दावे नव्या संशोधनाला तारक आहेत की मारक, हा प्रश्न वरवर पाहता वकिलांचा वाटतो. परंतु औषधांच्या पेटंटचे बरेवाईट परिणाम रोज पाहणाऱ्या आपल्या व्यवसायाला तो परका वाटण्याचे कारण नाही.

गोळी आणि भ्रमणध्वनी

पेटंट, म्हणजेच एकस्व, हा समाज आणि संशोधक यांच्यातील करार आहे. संशोधकाने आपली युक्ती सविस्तर लिहून जाहीर करावयाची आणि त्या बदल्यात, अर्जाच्या दिनांकापासून २० वर्षे, इतरांना ती वापरण्यास मनाई करण्याचा हक्क मिळवावयाचा. हा हक्क आपोआप अमलात येत नाही. कोणी उल्लंघन केले तर न्यायालयाचे दार ठोठावावे लागते. ज्या पेटंटवर दावाच करता येत नाही, ते भिंतीवर टांगण्याचे प्रशस्तिपत्र ठरेल.

मात्र गोळी आणि भ्रमणध्वनी यांत एक मूलभूत भेद आहे. गोळीचा जीव बहुधा एका रेणूत असतो. त्यावरील मोजकी पेटंटे म्हणजे जवळजवळ ती गोळीच. भ्रमणध्वनीत मात्र आवाजाचे संक्षेपण, संदेशवहन, पडदा, विद्युतघट, छायाचित्रण अशी हजारो पेटंटे, निरनिराळ्या मालकांची, एकाच पेटीत कोंबलेली असतात. त्यांतील एकाचा मालक 'थांबा' म्हणाला, तर संपूर्ण यंत्र थांबू शकते. पुढचे सारे गुणदोष या एका गोष्टीतून निघतात.

तारक बाजू

कोणत्याही कंपनीचा भ्रमणध्वनी दुसऱ्या कोणत्याही कंपनीच्या भ्रमणध्वनीशी बोलू शकतो, कारण सर्वांनी समान मानके स्वीकारली आहेत. ती घडविण्यात स्वीडनच्या एरिक्सनसारख्या कंपन्यांचे दीर्घ संशोधन खर्ची पडले. आज एरिक्सन स्वतः भ्रमणध्वनी विकत नाही. इतरांच्या भ्रमणध्वनींत वापरल्या जाणाऱ्या या संशोधनाचा मोबदला तिला परवान्याच्या शुल्कातून मिळतो. मानकात सामावलेले पेटंट रास्त, वाजवी आणि भेदभावरहित अटींवर सर्वांना द्यावे, असे बंधन तिने स्वीकारलेले असते. परंतु शुल्क न देताच तंत्र वापरता आले, तर उद्याच्या मानकासाठी कोण खपेल? याच कारणासाठी एरिक्सनने दिल्ली उच्च न्यायालयात २०१३ मध्ये मायक्रोमॅक्सवर, २०१४ मध्ये शाओमीवर आणि २०१५ मध्ये लाव्हावर दावे लावले.

लहानाला मोठ्यासमोर उभे राहण्याचे बळही दाव्यातूनच मिळते. रक्तातील प्राणवायू मोजणाऱ्या उपकरणांसाठी आपल्याला परिचित असलेल्या मॅसिमो कंपनीने अ‍ॅपलच्या घड्याळाविरुद्ध अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाकडे दाद मागितली. ऑक्टोबर २०२३ मध्ये आयोगाचा निर्णय मॅसिमोच्या बाजूने लागला. आकाराने कितीतरी पट मोठ्या कंपनीला तेथे नमते घ्यावे लागले.

मारक बाजू

याच प्रकरणाची दुसरी बाजूही पाहावी. जानेवारी २०२४ पासून अमेरिकेत विकल्या गेलेल्या नव्या अ‍ॅपल घड्याळांतून प्राणवायू मोजण्याची सोय बंद करण्यात आली. बदललेल्या मांडणीने ती परत आली ऑगस्ट २०२५ मध्ये. मधल्या दीड वर्षाची किंमत वापरणाऱ्यांनी मोजली.

आपल्या देशात डिसेंबर २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने शाओमीच्या भ्रमणध्वनींची आयात आणि विक्री अंतरिम आदेशाने रोखली. थोड्याच दिवसांत, विशिष्ट कंपनीची चिप असलेल्या यंत्रांपुरती, प्रत्येक यंत्रामागे १०० रुपये जमा करण्याच्या अटीवर ती पुन्हा सुरू झाली. वाद काही तंत्रांपुरता होता. अडले होते संपूर्ण यंत्र.

ब्लॅकबेरीचे उदाहरण याहून बोलके आहे. एनटीपी ही कंपनी स्वतः कोणतेही यंत्र बनवीत नव्हती. तिच्याजवळ केवळ पेटंटे होती. त्या पेटंटांच्या वैधतेची फेरतपासणी अमेरिकेच्या पेटंट कार्यालयात चालू होती. तरीही सेवा बंद पडण्याच्या भीतीने ब्लॅकबेरीच्या निर्मात्यांनी मार्च २००६ मध्ये ६१ कोटी २५ लाख डॉलर देऊन तडजोड केली. ही रक्कम संशोधनाच्या मोलाने ठरली नाही. मनाई हुकमाच्या धाकाने ठरली.

विलंब नावाचा रोग

पुण्याच्या बजाज ऑटोने दुचाकीच्या दोन ठिणग्यांच्या इंजिनावरून टीव्हीएसवर दावा लावला होता. ते प्रकरण अंतरिम आदेशांच्या फेऱ्यांत अडकलेले पाहून सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २००९ मध्ये सांगितले, की अशा दाव्यांचा अंतिम निकाल सामान्यतः चार महिन्यांत लागावा. प्रत्यक्षात लाव्हावरील २०१५ च्या दाव्याचा निकाल मार्च २०२४ मध्ये लागला. न्यायालयाने आठपैकी सात पेटंटे वैध मानली आणि एरिक्सनला २४४ कोटी रुपयांची भरपाई मंजूर केली. मधल्या काळात देशभर ४जी पसरले आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये ५जी सुरूही झाले. म्हणजे मागच्या पिढ्यांच्या तंत्राचा न्याय पुढची पिढी आल्यावर झाला. पेटंटधारक खरा असो वा खोटा, नऊ वर्षांची अनिश्चितता दोन्ही पक्षांना सारखीच जाचते. निदान उशिरा झाले, की अचूक असूनही त्याचा उपयोग किती उरतो, हे आपल्याला कोणी सांगावयास नको.

हैदराबादचा धडा

मनाई आणि मोकाट वापर या दोन टोकांमध्ये एक वाट आहे. ती औषधांच्या क्षेत्रात दाखविण्याचा मान आपल्या हैदराबादच्या नॅटको फार्माकडे जातो. मूत्रपिंड आणि यकृत यांच्या कर्करोगावरील सोराफेनिब हे बायरचे औषध महिन्याला सुमारे २ लाख ८० हजार रुपयांना पडत असे. ९ मार्च २०१२ रोजी पेटंट नियंत्रकांनी नॅटकोला सक्तीचा परवाना दिला. कमाल किंमत महिन्याला ८,८८० रुपये ठरली आणि बायरला विक्रीवर ६ टक्के स्वामित्वशुल्क मिळाले. पुढे ते ७ टक्के झाले. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये हा निर्णय कायम केला. अशा परवान्यांमुळे नव्या औषधांवरील गुंतवणूक आटेल, हा मूळ कंपन्यांचा आक्षेप दुर्लक्षिण्याजोगा नाही. परंतु येथे पेटंट रद्द झाले नव्हते. मालकाला मोबदला मिळाला आणि रुग्णाला औषधही.

भ्रमणध्वनीच्या दाव्यांना हेच सूत्र अधिक शोभते, कारण तेथे एक पेटंट म्हणजे संपूर्ण वस्तू नव्हे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही २००६ मध्ये ई-बे प्रकरणात स्पष्ट केले, की उल्लंघन सिद्ध झाले म्हणून मनाई हुकूम आपोआप मिळत नाही. २०१६ मध्ये अ‍ॅपल-सॅमसंग वादात त्याच न्यायालयाने म्हटले, की बाह्यरचनेच्या नकलेची भरपाई नेहमी संपूर्ण यंत्राच्या नफ्यावरच मोजली पाहिजे असे नाही; ती एखाद्या घटकापुरतीही असू शकते. भागाची किंमत भागाएवढी, हा विचार दोन्ही निर्णयांना जवळचा आहे.

तेव्हा दावे तारक की मारक, या प्रश्नाला एका शब्दात उत्तर नाही. दुबळी पेटंटे लवकर बाद झाली, निकाल वेळेत लागले आणि उपाय हानीच्या प्रमाणात राहिला, तर दावा संशोधनाचे रक्षण करतो. यांपैकी एकही गोष्ट बिघडली, तर तोच दावा संशोधनाचा गळा आवळतो. औषध तेच असते. मात्रा आणि वेळ चुकली, की त्याचे विष होते. आपल्या शास्त्राने फार पूर्वी ओळखलेले हे सत्य न्यायालयाच्या दालनातही तितकेच लागू आहे.